मुंबईच्या दारातले सुरुंग आणि पाण्याखालचा पतंग

फेब्रुवारी १९१७. पावसाळ्याला अजून बराच अवकाश होता आणि अरबी समुद्र शांत होता. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर एक मालवाहू जहाज रात्रीच्या अंधारात दिवे मालवून संथपणे चाललं होतं. एकच धुराडं, साधा बांधा. दुरून पाहणाऱ्याला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसलं नसतं. पण त्याच्या मागच्या बाजूने ठरावीक अंतराने एकेक जड गोळा पाण्यात सोडला जात होता. काम उरकताच जहाज अंधारातच दक्षिणेकडे निघून गेलं. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईजवळ एकामागून एक जहाजं फुटू लागली, त्याचं मूळ या रात्रीच्या कामात होतं.

ते जहाज जर्मनीचं होतं. नाव ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा. पहिल्या महायुद्धाचं वर्णन वाचताना आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक येतात, फार तर मेसोपोटेमियाची वाळू येते. हे युद्ध मुंबईच्या दारापर्यंत आलं होतं आणि कुलाब्याच्या दीपगृहापासून हाकेच्या नव्हे, तरी काही तासांच्या अंतरावर माणसं मेली होती, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. त्याच वर्षांत समुद्री सुरुंगांवर एक विलक्षण उपाय सापडला होता. जहाजाने आपल्यासोबत पाण्याखालून ओढत न्यायचं हे साधन, त्याचं नाव पॅराव्हेन. सुरुंग आणि पॅराव्हेन यांची ही कथा मुंबईच्या बाजूने सांगायला हवी, कारण इथे ती यंत्राच्या कौतुकापाशी थांबत नाही.

मुंबईच का, हे आधी पाहू. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि युरोपातून येणाऱ्यांसाठी मुंबई हे हिंदुस्थानचं पहिलं दार झालं. १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर याच दारातून फौजा बाहेर पडू लागल्या. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त आणि सर्वांत जास्त मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. मराठा पलटणी तिथेच लढत होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा इथे ब्रिटिश-हिंदी सैन्याला तुर्कांपुढे शरणागती पत्करावी लागली आणि त्या अपमानाची भरपाई करण्यासाठी नवी मोहीम उभी राहिली. या मोहिमेचा दाणागोटा, दारूगोळा, खेचरं, घोडे, औषधं यांचा मोठा हिस्सा मुंबईहून बसऱ्याला जात होता. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडलं. म्हणजे बगदादची मोहीम ऐन भरात असताना जर्मन जहाज मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरत होतं. हा योगायोग नव्हता. लढाईपासून हजारो मैलांवरच्या बंदराची नस दाबली की रणांगण आपोआप कोरडं पडतं, हा त्यामागचा हिशोब होता.

या बंदराशी मराठवाड्याचाही संबंध होता. तेव्हाचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात. शहरात १८८९ पासून कापडगिरणी होती आणि १९०० साली गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला होता. जालना, परभणी, औरंगाबाद भागातला कापूस या मार्गाने मनमाडला जाई, तिथे रुंद रुळांच्या वाघिणींत चढे आणि मुंबई गाठे. बोटीच्या विम्याचा दर चढला, जहाज मिळेना झालं की त्याची झळ मोंढ्यातल्या भावापर्यंत येणारच. समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मालाची वाटही त्याच पाण्यातून जात होती.

आता त्या गोळ्याविषयी. समुद्री सुरुंग म्हणजे तरंगता बॉम्ब अशी समजूत असते, पण त्या काळचा नेहमीचा सुरुंग नांगरलेला असे. खाली तळाशी जड बैठक, वर हवेमुळे तरंगू पाहणारा लोखंडी गोळा आणि दोघांना जोडणारा तारदोर. दोराची लांबी अशी बेतलेली की गोळा पृष्ठभागाच्या थोडा खाली, जहाजाच्या पोटाच्या पातळीवर राहावा. वरून काही दिसत नाही. गोळ्यावर शिशाची शिंगं असतात. जहाज घासलं की मऊ शिसं वाकतं, आतली काचेची नळी फुटते, तिच्यातला द्राव खालच्या विद्युतघटात उतरतो, क्षणभर वीज वाहते आणि दीडशे किलोच्या आसपासचं स्फोटक उडतं. या रचनेत बिघडण्यासारखं फारसं काही नाही. तिला माणूस लागत नाही, झोप लागत नाही आणि ती महिनोन् महिने वाट पाहू शकते. सुरुंग टाकून गेलेलं जहाज तोवर दुसऱ्या महासागरात पोचलेलं असतं.

या शस्त्राची दहशत जगाला १९०४ मध्ये कळली. रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरपाशी ‘पेट्रोपावलोव्स्क’ ही रशियन युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली आणि तिच्याबरोबर रशियाचा सर्वांत कर्तबगार दर्यासारंग ॲडमिरल माकारोव्ह गेला. १९०७ च्या हेग परिषदेत राष्ट्रांनी सुरुंगांना लगाम घालण्याचा प्रयत्न केला. केवळ व्यापारी वाहतूक अडवण्यासाठी शत्रूच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरू नयेत, असं एक कलम करारात घातलं गेलं. जर्मनी आणि फ्रान्स यांनी नेमक्या याच कलमाला मान्यता रोखून धरली. मुंबईबाहेरच्या घटनेची कायदेशीर पळवाट अशी दहा वर्षं आधीच तयार झाली होती.

युद्ध सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘अँफिऑन’ ही ब्रिटिश क्रूझर सुरुंगाने गेली. ऑक्टोबर १९१४ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेला ‘ऑडेशियस’ ही नवीकोरी महाकाय युद्धनौका बुडाली. ते सुरुंग ‘बर्लिन’ नावाच्या जर्मन प्रवासी जहाजाने पेरले होते. १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत ‘नुसरत’ या छोट्या तुर्की नौकेने टाकलेल्या सुरुंगांनी एका दिवसात तीन जुन्या युद्धनौका तळाला नेल्या. जून १९१६ मध्ये ऑर्कनी बेटांजवळ ‘हॅम्पशायर’ सुरुंगावर आदळली आणि ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर तिच्याबरोबर बुडाला. हाच किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. थोडक्यात, कोट्यवधींच्या पोलादी जहाजाचा प्राण एका स्वस्त गोळ्याच्या हाती आला होता.

‘वुल्फ’ ही या कल्पनेची सर्वांत धाडसी आवृत्ती. मुळात ती ‘वाखफेल्स’ नावाची, ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची मालबोट. युद्धापूर्वी या कंपनीच्या बोटी नियमितपणे हिंदुस्थानच्या बंदरांत येत. जर्मन नौदलाने तिच्या पोटात ४६५ सुरुंग भरले, झडपांआड तोफा लपवल्या आणि टेहळणीसाठी ‘वुल्फ्खेन’ नावाचं एक लहान समुद्री विमानही दिलं. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ती कील बंदरातून निघाली. कप्तान होता कार्ल ऑगस्ट नेर्गर. मोठ्या युद्धनौकेशी गाठ पडली तर ती टिकणं अशक्य होतं, म्हणून दिसायचं नाही, बोलायचं नाही, बिनतारी यंत्रावरून नुसतं ऐकायचं, हा नेर्गरचा शिरस्ता होता. मला या माणसाच्या संयमाचं आश्चर्य वाटतं. त्याच्याआधी ‘एम्डेन’ने सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागून खळबळ उडवून दिली होती आणि दोन महिन्यांत ती संपलीही होती. नेर्गरला खळबळ नको होती.

जानेवारीत त्याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी सुरुंग टाकले. त्यांचा पहिला बळी ठरलेल्या जहाजाचं नाव होतं ‘माथेरान’. ब्रोकलबँक कंपनीच्या जहाजांना हिंदुस्थानातली नावं असत, त्यांतलं हे एक. आपल्या डोंगरावरच्या गावाचं नाव लावलेलं हे जहाज २६ जानेवारी १९१७ रोजी केपटाऊनच्या उत्तरेला, डासेन बेटाजवळ बुडालं. ‘वुल्फ’ तोवर हिंदी महासागरात शिरली होती. फेब्रुवारीच्या मध्यावर कोलंबो, मग कन्याकुमारीचा परिसर, मग मुंबई. कोलंबोजवळ आठवडाभरातच ‘वुस्टरशायर’ आणि ‘पर्सियस’ ही दोन जहाजं गेली.

मुंबईच्या भूगोलाने नेर्गरला हात दिला. इथला समुद्र किनाऱ्यापासून फार दूरपर्यंत उथळ आहे. आज बॉम्बे हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहेत, तिथेही खोली शंभर मीटरच्या आतच. नांगरलेला सुरुंग उथळ पाण्यातच बसतो. त्यामुळे बंदराच्या तोफांच्या टप्प्यात न येता, किनाऱ्यावरच्या कुणाच्या नजरेला न पडता, पन्नास-साठ मैल बाहेर राहून जहाजांच्या वाटा बंद करता येत होत्या. आणि तितकं विस्तीर्ण पाणी तपासून काढणं हे बचाव करणाऱ्यांसाठी जवळपास अशक्य काम होतं.

ब्रिटिशांना सुगावा लागला तो वेगळ्याच वाटेने. फेब्रुवारीच्या अखेरीस नेर्गरने ‘टुरिटेला’ ही तेलवाहू बोट पकडली. तीही मूळची त्याच हान्सा कंपनीची, युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी हस्तगत केलेली. नेर्गरने तिच्यावर आपले खलाशी चढवले, थोडे सुरुंग दिले आणि एडनचा मार्ग रोखायला धाडलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘ओडिन’ या ब्रिटिश गस्तीनौकेने तिला हटकलं, तेव्हा जर्मनांनी ती स्वतःच बुडवली. खलाशी कैद झाले आणि हिंदी महासागरात सुरुंग पेरणारा छुपा शत्रू फिरतो आहे, हे नौदलाला कळलं. जनतेला मात्र ‘वुल्फ’बद्दल काही सांगितलं गेलं नाही. घबराट पसरेल, जहाजं निघायची थांबतील, ही भीती होती. ती अनाठायी नव्हती, पण ज्यांना त्या पाण्यातून जायचं होतं त्यांच्यापासूनही ही माहिती दूर राहिली.

मुंबईवर खरा घाव पडला जूनमध्ये. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की या किनाऱ्यावरचा समुद्र पार बदलतो. आठ-दहा फुटांच्या लाटा रोजच्या होतात. सुरुंगांच्या बैठका सरकतात, दोर तुटतात, आणि सफाई करणाऱ्या लहान बोटींना बाहेर पडणंच कठीण होतं. ११ जूनला एलरमन कंपनीचं ‘सिटी ऑफ एक्झिटर’ हे प्रवासी जहाज सुरुंगावर आदळलं. पुढचा भाग फुटला, पाणी शिरलं, प्रवाशांना होड्यांत उतरवलं गेलं, तरी ते कसंबसं स्वतःच्या इंजिनावर मुंबईला पोचलं. १६ जूनला जपानी ‘उनकाई मारू’ बुडालं. दुसऱ्याच दिवशी, बंदरापासून अवघ्या २५ मैलांवर, ‘क्रॉक्सटेथ हॉल’ गेलं आणि नऊ माणसं त्याबरोबर गेली.

२३ जूनला ‘मंगोलिया’. पी अँड ओ कंपनीचं साडेनऊ हजार टनांचं टपाल आणि प्रवासी जहाज, १९०३ साली बांधलेलं. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे पन्नास मैलांवर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-श्रीवर्धनसमोरच्या समुद्रात ते सुरुंगावर आदळलं आणि पंधरा मिनिटांच्या आत तळाला गेलं. खवळलेल्या पावसाळी समुद्रात इतक्या थोड्या वेळात होड्या उतरवणं हे किती जिवावरचं काम असेल, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारावं. तरीही बहुतेक सगळे वाचले. २३ जण मात्र गेले. पुढे २९ जुलैला कुलाब्याच्या प्राँग्ज दीपगृहापासून ३१ मैलांवर ‘ओखला’ बुडालं. सात आठवड्यांत पाच जहाजांना सुरुंग लागले, त्यांपैकी चार बुडाली.

‘मंगोलिया’च्या मृतांमध्ये बहुतेक जण प्रवासी नव्हते, जहाजावर काम करणारे होते. या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. त्या काळच्या ब्रिटिश जहाजांवरचा कामकरी वर्ग मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानी होता. डेकवर सारंग आणि त्याच्या हाताखालचे टंडेल, खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचे आणि कोकणी मुसलमान पुष्कळ. खाली बॉयलरपाशी आगवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकघरात, जेवणघरात गोव्याचे लोक, ज्यांचे धोबी तलावच्या परिसरात गावागावांचे ‘कूड’ होते. दोन सफरींच्या मधले दिवस ते तिथे काढत. सुरुंग फुटतो तो जहाजाच्या पोटाशी. पाणी आधी इंजिनघरात आणि बॉयलरच्या जागेत भरतं. डेकवर चढायला अरुंद लोखंडी शिड्या. कोण वाचणार आणि कोण नाही, हे बरेचदा माणूस कुठल्या मजल्यावर काम करतो यावर ठरे. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. गेट वे ऑफ इंडियावर रोज हजारो लोक जातात, त्यांतल्या किती जणांना हे स्मारक ठाऊक असेल?

सुरुंगांवर उपाय दोन होते. पहिला सफाईचा. दोन बोटींनी मध्ये तारदोर धरून समांतर चालायचं, दोराने सुरुंगाचा नांगरदोर अडकवायचा आणि तोडायचा, वर आलेला गोळा बंदुकीने फोडायचा किंवा बुडवायचा. हे काम जीवघेणं आणि संथ. शिवाय आज साफ केलेली वाट उद्याही साफ असेल याची खात्री नाही. मुंबईबाहेरच्या अफाट उथळ पाण्यात बंदराच्या तोंडाशी सफाई करून भागत नव्हतं, कारण जहाजं फुटत होती ती बाहेरच्या समुद्रात.

दुसरा उपाय जहाजाने स्वतःचं रक्षण स्वतः करण्याचा. याचं श्रेय ब्रिटिश नौदलातला तरुण अधिकारी चार्ल्स डेनिस्टन बर्नी याला जातं. १८८८ चा जन्म, वडील ॲडमिरल. युद्धापूर्वी तो ब्रिस्टल कंपनीबरोबर समुद्री विमानांचे प्रयोग करत होता. पाण्याखाली पंखासारखी पातळ पाती लावली तर वेग घेताना विमान पाण्यातून वर उचललं जाईल का, हे तो तपासत होता. ती विमानं यशस्वी झाली नाहीत. पण पाण्यात तिरक्या पातीवर किती जोराचा दाब येतो, हे त्याच्या हाताला कळलं होतं. युद्ध सुरू झाल्यावर पोर्ट्समथच्या ‘व्हर्नन’ या पाणतीर आणि सुरुंगांच्या संशोधनकेंद्रात त्याने हीच जाण सुरुंगाविरुद्ध वापरली. १९१६ पर्यंत साधन हाताशी आलं.

संक्रांतीला संभाजीनगरच्या गच्च्यांवर ज्याने पतंग उडवला आहे त्याला पॅराव्हेन समजायला दोन मिनिटं पुरतात. वाऱ्यापुढे तिरका धरलेला पतंग दोरीच्या ताणामुळे वर चढतो. पॅराव्हेन हा पाण्यातला पतंग. तो वर न चढता बाजूला पळतो, इतकाच फरक. आकार पाणतीरासारखा लांबट, मध्ये एक मोठं उभं-तिरकं पातं, मागे शेपूट आणि सुकाणू. जहाजाच्या नाकाच्या अगदी तळाशी, पाण्याखाली, एक जोड बसवलेला असतो. तिथून दोन मजबूत तारदोर निघतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. प्रत्येकाच्या टोकाला एक पॅराव्हेन. जहाज चालू लागलं की पाण्याच्या दाबाने दोन्ही पॅराव्हेन बाहेरच्या बाजूला खेचले जातात आणि दोन्ही दोर मिळून जहाजाच्या पुढच्या टोकापासून मागे फाकत जाणारी पाचर तयार करतात. पॅराव्हेन ठरलेल्या खोलीवरच राहावा यासाठी त्याच्या पोटात पाण्याचा दाब ओळखणारी झडप असे. तो खाली-वर झाला की तीच सुकाणू हलवून त्याला जागेवर आणी.

आता सुरुंगाचा नांगरदोर समोर आला की तो जहाजाच्या पोटाला लागण्याआधी या ताणलेल्या तारेला लागतो. जहाज पुढे जातं तसा तो तारेवरून घसरत बाहेर, बाहेर सरकतो आणि शेवटी पॅराव्हेनच्या तोंडापाशी पोचतो. तिथे करवतीसारख्या दातांचा जबडा असतो. चालत्या जहाजाच्या ओढीने नांगरदोर त्यात अडकतो आणि कापला जातो. सुरुंग जहाजापासून दूर, बाजूला पृष्ठभागावर येतो. डेकवरचा बंदूकधारी तो टिपतो. जहाजाला थांबावं लागत नाही, वाट बदलावी लागत नाही, दुसऱ्या बोटीची मदत लागत नाही. व्यापारी जहाजांसाठी याच साधनाची सोपी आवृत्ती तयार झाली, तिला ‘ऑटर’ म्हणत.

हे साधन निर्दोष नव्हतं. जहाज फार हळू चाललं तर पॅराव्हेन पुरेसा बाहेर जात नसे. कधी कापणी होत नसे आणि सुरुंग पॅराव्हेनलाच अडकून जहाजासोबत ओढला जाई. मग तो सोडवायचा की दोरच कापून टाकायचा, हा निर्णय मिनिटांत घ्यावा लागे. वापरही विचारपूर्वक करावा लागे. खोल समुद्रात सुरुंग नांगरता येत नाही, तेव्हा किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात शिरताना डेरिकने, म्हणजे जहाजावरच्या यारीने, पॅराव्हेन पाण्यात सोडायचे आणि बाहेर पडल्यावर पुन्हा वर घ्यायचे. ओल्या, डोलणाऱ्या डेकवर हे जड साधन सांभाळणं म्हणजे सारंगाच्या माणसांच्या कामात आणखी एका जोखमीची भर. तरीही, एखाद्या साध्या मालबोटीला आपल्यापुरता संरक्षक बाळगता येतो, ही कल्पनाच मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. तोवरचं संरक्षण युद्धनौकांच्या कृपेवर होतं. युद्ध संपेपर्यंत शेकडो युद्धनौकांवर आणि त्यांच्या कितीतरी पट व्यापारी जहाजांवर ही साधनं बसली.

पण १९१७ च्या पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं होतं. आधी युद्धनौका, मग व्यापारी जहाजं, असा पुरवठ्याचा क्रम होता. बर्नीचं साधन प्रयोगशाळेतून बाहेर येऊन जेमतेम वर्ष होत होतं आणि जर्मन पाणबुड्यांनी मांडलेल्या संहारामुळे ब्रिटनचं सगळं लक्ष स्वतःच्या किनाऱ्याभोवती एकवटलं होतं. अरबी समुद्र त्या यादीत वर नव्हता. म्हणून पॅराव्हेनचा इतिहास एका हुशार अधिकाऱ्याच्या यशाची गोष्ट म्हणून लिहिला जातो, तेव्हा तो मला अपुरा वाटतो. शोध लागणं आणि तो ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्यापर्यंत पोचणं यांत अंतर असतं. १९१७ मध्ये त्या अंतरात खाली बॉयलरपाशी राबणारी माणसं सापडली.

‘वुल्फ’ पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत गेली, तिथेही सुरुंग पेरले, वाटेत १४ जहाजं पकडली, शेकडो कैदी बाळगले आणि एकाही मित्रबंदराचा आधार न घेता ४५१ दिवसांनी, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परतली. त्याच दिवशी तिने पकडलेलं ‘इगोत्झ मेंडी’ हे स्पॅनिश जहाज डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून रुतलं, त्यावरचे कैदी सुटले आणि सगळी कहाणी जगापुढे आली. बर्नी नौदलातून बाहेर पडला, पॅराव्हेनच्या पेटंटांवर श्रीमंत झाला, संसदेत गेला आणि नंतर ‘आर-१००’ या प्रचंड हवाई जहाजाच्या उभारणीमागे लागला.

पॅराव्हेनची सद्दी मात्र दोन दशकांतच ओसरली. नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळच्या चिखलात जर्मन विमानाने टाकलेला एक सुरुंग सापडला. ‘व्हर्नन’च्याच तज्ज्ञांनी तो जीव मुठीत धरून उघडला. तो तळाशी पडून राहणारा होता. त्याला नांगरदोर नव्हता आणि शिंगंही नव्हती. वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाचं चुंबकत्व ओळखून तो फुटत असे. कापायला दोरच नाही, तर पॅराव्हेन काय करणार? उत्तर म्हणून जहाजांभोवती विजेच्या तारांचं वेटोळं बसवून त्यांचं चुंबकत्व निष्प्रभ करण्याची पद्धत आली. पुढे आवाज ओळखणारे, पाण्याच्या दाबातला बदल ओळखणारे सुरुंग आले. ओढत न्यायच्या साधनाची कल्पना मात्र टिकली. सफाई नौका आता खोटं चुंबकत्व आणि खोटा आवाज निर्माण करणारी साधनं मागून ओढू लागल्या, म्हणजे सुरुंगाला जहाज आल्याचा भास होऊन तो दूरवरच फुटावा.

स्वतंत्र भारताच्या नौदलाला ‘कोकण’सारख्या सुरुंगसफाई नौका ब्रिटिश काळातूनच मिळाल्या. पन्नाशीच्या दशकात ‘कारवार’ आणि तिच्या भगिनी आल्या. या विद्येची कसोटी १९७१ च्या युद्धानंतर लागली. पाकिस्तानी फौजांनी चितगावच्या बंदरात सुरुंग पेरले होते आणि नव्या बांगलादेशाला अन्नधान्याची जहाजं तातडीने हवी होती. वाट मोकळी करण्याचं काम आधी भारतीय नौकांनी हाती घेतलं, पुढे सोव्हिएत पथकाने ते दोन वर्षं चालवलं. युद्ध पंधरवड्यात संपलं, पण पेरलेले सुरुंग काढायला वर्षं लागली.

१९७८ ते १९८८ या काळात सोव्हिएत बनावटीच्या बारा नव्या सफाई नौका आल्या. त्यांत ‘रत्नागिरी’ होती, जुन्याच नावांच्या नव्या ‘कोकण’ आणि ‘कारवार’ होत्या. त्या एकेक करून निवृत्त झाल्या. ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ २०१७ मध्ये मुंबईत, शेवटची ‘कोझिकोड’ २०१९ मध्ये विशाखापट्टणमला. जागी नव्या आल्या नाहीत. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या साहाय्याने बारा नौका बांधण्याची योजना बरीच वर्षं चर्चेत राहिली आणि २०१८ मध्ये बारगळली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सुरुंगविरोधी नौकांच्या खरेदीला नव्याने तत्त्वतः मंजुरी दिली. मंजुरी, करार, बांधणी, चाचण्या असा हा दीर्घ प्रवास आहे. त्याच वर्षी मे महिन्यात डीआरडीओ आणि नौदलाने देशी बनावटीच्या, अनेक प्रकारचे संकेत ओळखणाऱ्या तळसुरुंगाची यशस्वी चाचणी घेतली. म्हणजे पेरण्याचं शस्त्र आपल्या हाती येत आहे, आणि काढण्याच्या नौका अजून यायच्या आहेत.

वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतून निघणारा माल आज माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून किंवा थेट ट्रकने न्हावा-शेव्याला जातो. जालन्याजवळ त्याच बंदराचं शुष्क बंदर उभं राहिलं आहे. न्हावा-शेव्याचं तोंड उघडतं ते १९१७ साली ‘सिटी ऑफ एक्झिटर’ फुटक्या नाकाने ज्या पाण्यातून आत आलं, त्याच मुंबईच्या खाडीमुखात. तिथला समुद्र आजही तितकाच उथळ आहे.